वैशाखातला दीड दिवसाचा गणपती

दोन वर्षं लागोपाठ माझ्या फिल्मला नकार आला होता. मुलांसाठीच्या विज्ञानपटांचा तो परदेशातला महोत्सव. पहिल्या वर्षी मी मिठागरावरची फिल्म पाठवली, दुसऱ्या वर्षी वालाला मोड कसे येतात त्यावरची. दोन्ही वेळा अगदी गोड शब्दांत 'नाही' आलं. रोह्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवते, पण मुलांना नापास करताना मीसुद्धा इतकं गोड बोलत नाही! तिसऱ्या वर्षी ठरवलं, ही शेवटची. नाही निवडली तर कॅमेरा भाचीला देऊन टाकायचा आणि गप वह्या तपासत बसायचं.

विषय मात्र झकास सापडला होता. शाडूची पूर्ण वाळलेली मूर्ती पाण्यात ठेवली की बघता बघता ढासळते, आणि ओली मूर्ती तासन्‌तास तशीच राहते. कुणालाही उलटंच वाटेल. कोरड्या मातीच्या बारीक छिद्रांत हवा असते. पाणी आत घुसतं, हवा बाहेर पडायला धडपडते आणि त्या धक्काबुक्कीत माती फुटते. ओल्या मातीत पाण्याला शिरायला जागाच नसते. ओल्या मूर्तीचं चित्रण झालं होतं, आता एक कोरडी हवी होती.

पेणच्या एका कारखान्यात आखणी करणाऱ्या काकू माझ्या ओळखीच्या. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. हे काम सगळ्यात शेवटी होतं आणि कुणाच्याही हाती देत नाहीत. काकूंनी माझ्यासाठी एक वीतभर मूर्ती महिनाभर फळीवर वाळत ठेवली.

"रंग लावू नका हं, पाणी आत शिरणार नाही," मी बजावलं.

"नाय लावत गो," त्या म्हणाल्या.

फिल्म पाठवायची मुदत रविवारी संध्याकाळपर्यंत होती. शुक्रवारी दुपारी मी मूर्ती आणायला गेले. अंगावर रंगाचा ठिपका नाही, पण चेहऱ्यावर काळेभोर, शांत डोळे. थेट माझ्याकडे बघणारे.

"काकू, हे काय केलंत?"

काकूंनी जीभ चावली. "हात गेला गो आपोआप. मूर्ती न्यायला येणार म्हटलं की डोळे काढायचे, हीच सवय. बिनडोळ्याचा गणपती माझ्या हातून कधी बाहेर गेला नाय."

पूर्ण वाळलेली दुसरी मूर्ती कारखान्यात नव्हती. हीच घेऊन रोह्याजवळ वरसेला घरी आले. भाचीनं माशांची काचेची पेटी धुऊन पाण्यानं भरली, कॅमेरा लावला. मी मूर्ती उचलली आणि हात पाण्याच्या वर जे थांबले ते थांबलेच. वर्गात अंधश्रद्धेवर तावातावानं बोलणारी मी!

"आत्या, सोड ना."

"तूच सोड."

तिनं एकदा त्या डोळ्यांकडे पाहिलं आणि कॅमेऱ्यामागे गेली.

शेवटी काकूंनाच फोन केला. त्या हसत सुटल्या. "मग बसव की घरात! दीड दिवस ठेव आणि बोळव नीट." शनिवार सकाळ ते रविवार दुपार. वेळ बसत होती.

तर भर वैशाखात आमच्याकडे गणपती बसला. "बाई, पंचांग कुठलं वापरता हो?" शेजारच्या काकांनी विचारलं आणि आरतीला झांजा घेऊन सगळ्यांच्या आधी हजर झाले. मोदकही झाले, निम्मे फुटले. रविवारी दुपारी अंगणात पेटीभोवती अख्खी गल्ली जमली. आता मात्र माझे हात थांबले नाहीत.

मूर्तीतून बुडबुड्यांच्या माळा निघाल्या. "बाप्पा श्वास सोडतोय!" एक चिमुरडी ओरडली. मग प्रश्नांचा भडिमार सुरू झाला आणि मी उत्तरं देत सुटले. पाठ केलेलं माझं निवेदन घरातच राहिलं. हात गेले, सोंड गेली, पोट ढासळलं. डोळ्यांवर रंग होता, तिथं पाणी उशिरा शिरत होतं. सगळ्या गाळावर शेवटी ते दोन डोळेच तेवढे राहिले. मला रडू आलं, आणि खूप बरंही वाटलं.

भाचीनं फिल्ममध्ये मुलांचे आवाज तसेच ठेवले. मुदत संपायला थोडा वेळ असताना फिल्म गेली.

दोन महिन्यांनी मेल आला: निवड झाली. शिक्षकांच्या खोलीत मी चक्क नाचले आणि शाळा सुटताच पेणची गाडी धरली. गणपती जवळ आलेले, कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. विसर्जन काकूंनी पाहिलं नव्हतं आणि फिल्मही. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. मान वर न करता त्यांनी एवढंच विचारलं, "डोळे नीट दिसतील का गो तिकडच्या पोरांना?"

"दिसतील, काकू. सगळं गेल्यावर, सगळ्यात शेवटी गेले."

"मग झालं," काकू म्हणाल्या आणि पुढच्या मूर्तीकडे वळल्या. कुंचला डोळ्यापर्यंत नेला, पण टेकवला नाही. खाली ठेवला आणि म्हणाल्या, "थांब जरा. आधी मला दाखव गो ती फिल्म."