जिताडा घेतला तेव्हा

जुन्या साहेबांना मी दुपारी "थांबतो" म्हणालो आणि संध्याकाळी नव्या नोकरीच्या आनंदात मित्राने आणलेला जिताडा मासा हसत हसत घेतला. चूक माझी होती, आणि ती घाईत झाली असंही म्हणवत नाही.

तेव्हा मी खांदा कॉलनीत राहायचो आणि बंदराकडच्या एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात काम करायचो. उरणचा एक कोळी मित्र आधी आमच्याकडेच होता. तो दुसऱ्या यार्डात सुपरवायझर झाला, त्याने तिथल्या साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकला, जागा ठरली. मी राजीनामा दिला.

आणि ज्या साहेबांनी इतक्या वर्षांत मला कधी "बसा" म्हटलं नव्हतं, त्यांनी केबिनमध्ये बोलावून चहा मागवला! "तुम्ही गेलात तर आयातीचं कोण बघणार हो?" सगळा आयात विभाग माझ्याकडे, पगार तिकडच्याइतका, शिवाय न्यायला-आणायला गाडी. बाहेर येऊन लगेच बायकोला फोन लावला. "अगं, हे मला सोडतच नाहीयेत!"

ती म्हणाली, "लग्नाच्या वेळी एक मुलगी धड हो म्हणत नव्हती, आता दोन-दोन नोकऱ्या मागे लागल्यात. माजू नका."

दोन दिवस आम्ही हवेत होतो. पोळ्या लाटता लाटता ती जायची बाजू मांडायची, मी थांबायची. मग बाजू बदलायचो. करंजाड्याला मोठं घर बघू, इथवर मजल गेली. आधी मित्राशी बोलावं हे सुचलं नाही असं नाही. पण इतकं गोड चाललेलं मोडवेना. शेवटी थांबायचं ठरलं आणि दुपारी साहेबांना तसं सांगितलं.

त्याच संध्याकाळी मित्र दारात. पिशवीतून माशाची शेपटी बाहेर आलेली. आमच्या भागात अख्खा जिताडा असातसा कुणाला देत नाहीत. जावयाला, नाहीतर आपला मानलेल्या माणसाला देतात.

"वैनी, खाडीचा हाय, ताजा. सायबाला सांगून ठेवलंय, मानूस येतोय म्हनून. त्या जागेसाठी दोघं आलते, त्यांना परत धाडलं."

"अरे, एवढं कशाला?" मी म्हणालो.

"गप रे दादूस, आता तू आमचा!"

तो जिना उतरला तशी बायको म्हणाली, "अजून खालीच असतील. हाक मारा."

"उद्या फोन करतो."

मासा तळला, मी जेवलो. खरं सांगतो, चवही लागली. फोन मात्र केला नाही. रुजू व्हायच्या दिवशी त्याच्या साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "कुठाय तुझा माणूस?" तेव्हा त्याने आमच्या यार्डात चौकशी केली आणि मग मला फोन केला.

"यायचं नव्हतं तर नाय म्हनायचं. आमी काय जबरदस्ती केलती?"

नवी खुर्ची, गाडी, सगळं मिळालं, आणि मी रोज खुशीत जातही होतो. त्याच खुशीची लाज वाटायला लागली तेव्हा एका रविवारी उरणला गेलो. तो ओट्यावर बसला होता. "बस," म्हणाला. मी उभाच राहिलो.

"थांबलो याची माफी मागत नाही, मला ते हवंच होतं. पण तू दारात उभा होतास आणि मी गप्प राहिलो. तुझ्या साहेबांपुढे तुला खोटं पाडलं. उद्या मी स्वतः त्यांना भेटून सांगतो, याचा शब्द खरा होता, फिरलो मी. माफ कर मला."