तुरुंगाला लावलेलं कुंकू

नव्या घराची हौस माझ्यापेक्षा माझ्या नवऱ्याला जास्त. गोंदियात आमचं घर बांधून झालं तेव्हा फरशा, नळ, पडद्यांचे दांडे, सगळं त्यानंच निवडलं. मला फक्त "कसं वाटलं?" विचारायचा, आणि मी "बरं आहे" म्हटलं की तोंड पाडून बसायचा. बैठकीच्या मोठ्या भिंतीसाठी त्यानं ऑनलाइन एक चित्र मागवलं. दारापेक्षा रुंद. कुठल्याशा परदेशातला जुना दगडी तुरुंग, काळ्या रेघांनी काढलेला, वरून पाहिल्यासारखा: मधोमध गोल मनोरा, त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या बराकी, भोवती उंच कोट. "याला म्हणतात बांधकाम," तो म्हणाला. मला घामच फुटला.

कारण माझे बाबा तुरुंगात राहून आलेले आहेत, आणि हे माझ्या नवऱ्याला माहीत नव्हतं.

बाबा नवेगाव बांधकडच्या एका खेड्यातले पाणकर. तलावाचं पाणी कुणाच्या धानाच्या बांधीत आधी जाईल आणि कुणाच्या नंतर, हे सांभाळायचं काम पाणकराचं. आमच्या गावात रीत अशी की पाणी आधी शेवटच्या बांधीला, मग वरच्यांना. एका कोरड्या वर्षी वरच्यांनी आपल्या हातानंच तुडूम, म्हणजे तलावाची मोरी, उघडली. मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं. फावडं बाबांच्या हातात होतं, म्हणून आळ त्यांच्यावर आला. खटला चालेपर्यंत ते आत राहिले आणि मग निर्दोष सुटले. मी तेव्हा पाळण्यात होते. पुढं माझं लग्न ठरताना बाबांच्या थोरल्या बहिणीनं, आत्यानं, घरातल्या सगळ्यांना दम भरला: यातलं अक्षर जावयाच्या कानी जाता कामा नये. सासरचे पिढ्यानपिढ्या शहरातले, त्यांना कोण सांगणार? कुणी सांगितलं नाही.

आता गृहप्रवेशाला बाबा येणार, आणि जावयाच्या भिंतीवर तुरुंग! त्यांना काय वाटेल? याला सगळं कळलं आणि आता हा टोमणा मारतोय, असंच वाटेल. बाबा तोंडानं काही बोलणार नाहीत. चहा पितील, उठतील आणि पुन्हा आमच्या दारात पाऊल टाकणार नाहीत. त्यांचा स्वभाव मला पक्का माहीत आहे, कारण तोच माझ्यात उतरलाय.

नवऱ्याला म्हटलं, ते चित्र काढ.

"काऊन?"

वास्तुशास्त्रात बसत नाही म्हटलं, तर तो हसायला लागला. तू कधीपासून वास्तू मानायला लागलीस? बरं, झोपायच्या खोलीत लाव म्हटलं, तर तिथं भिंत पुरत नाही. मी चिडले, त्याला कळेना ही एवढी कशाला चिडते. शेवटी गृहप्रवेशाच्या सकाळी तो गुरुजींना आणायला गेला तेवढ्यात मी स्टुलावर चढले आणि अख्ख्या चित्रावर नवी कोरी चादर टाकली. होमाच्या धुरानं काच खराब होईल, असं सांगायचं ठरवून ठेवलं होतं.

पूजा छान झाली. बाबा खुर्चीत बसून प्रसाद खात होते. आत्या हळदीकुंकू घेऊन घरभर फिरत होती. नव्या घरातलं काही म्हणजे काही तिला सोडायचं नव्हतं. दाराची चौकट, गॅसची शेगडी, फ्रिज, पाण्याची मोटर, सगळ्यांना तिची बोटं लागली. फिरता फिरता ती चादरीपाशी आली आणि थबकली. आमच्याकडे सुतक असलं की देव झाकून ठेवतात.

"काऊन वं पोरी," ती ओरडलीच, "सुतक आहे का घरात? देव झाकून पूजा करून राहिली!"

मी हातातलं पातेलं ठेवून धावले, पण तोवर तिनं चादर ओढली होती. तो मनोरा, तो कोट पाहून तिला कुठलं तरी मोठं देवस्थानच वाटलं. मनोऱ्यावर तिनं हळद लावली, कुंकू लावलं, आणि डोळे मिटून हात जोडले.

"आत्या, देऊळ नाही ते," नवरा मोठ्यानं हसत म्हणाला. "जेल आहे, जेल!"

सगळी बैठक खो खो हसली. बाबांनी प्रसादाची वाटी खाली ठेवली आणि उठून चित्रापाशी गेले.

"जेलच आहे," ते म्हणाले. "मी राहून आलो अशात."

हसणं जागच्या जागी थांबलं. नवऱ्यानं विचारलं, "तुम्ही, बाबा?"

"तुडुमाच्या भांडणात. सुटलो मंग. पन राहून आलो."

आत्याचा पारा चढला. "तूच बोंबलला! मी इतके वर्स तोंड शिवून राहिली, ते कायले?"

नवरा पार गोंधळला. मला खरंच माहीत नव्हतं, आत्ता काढतो, म्हणत त्यानं स्टूल ओढलं.

"राहू द्या जी, जवाईबापू," बाबा म्हणाले. "आता कुंकू लागलं. आता कुठं काढता?"

आणि ते स्वतःच हसले. मग काय, सगळेच हसले. माझ्या नवऱ्याला कुठं काय विचारावं याची अक्कल कमीच, त्यानं लगेच विचारलं, तिथंही मधात असाच मनोरा होता का? मी डोळे वटारले, पण बाबा आरामात सांगायला बसले. मनोरा नव्हता. लांबच लांब बराक होती, अंगणात कडुलिंब होता. भाजीच्या वाफ्यांना पाणी द्यायचं काम त्यांनी मागून घेतलं होतं. "तिथंही आधी शेवटचा वाफा, मंग पयला," ते म्हणाले. हे मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होते. इतकं हलकं वाटलं की स्वयंपाकघरात जाऊन मी मनसोक्त रडून घेतलं.

संध्याकाळी बाबा निघाले. नवरा नेहमीसारखा त्यांच्या पाया पडला आणि पिशव्या रिक्षात ठेवून आत गेला. मी रिक्षाजवळ उभी होते.

"मले वाटे," ते म्हणाले, "याले मालूम नाही, म्हणून हा माझ्या पाया पडते. आज मालूम असून पडला."