तीनदा सडलेल्या बाटल्या

एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षी माझ्या बाटल्या तीनदा सडल्या. तीनदा! काचेच्या बाटलीत जेलीसारखं खाद्य, त्यावर केळीच्या कोंबाचा नखाएवढा तुकडा, आणि चार दिवसांत भोवती दुधाळ, चिकट थर. आमच्या वसईच्या वाडीतली राजेळी जातीची केळ मला अशी बाटलीत वाढवायची होती. मार्गदर्शक बाईंनी सांगून टाकलं, "नाताळपर्यंत स्वच्छ बाटल्या दाखव, नाहीतर विषय बदल." विषय बदलला की वर्ष गेलं. आणि जानेवारीत अशीच बाटलीत रोपं बनवणारी एक कंपनी मुलं निवडायला येणार होती. त्या नोकरीसाठीच तर मी हा खटाटोप मांडला होता!

मी ब्लीच वाढवलं, स्पिरिट वाढवलं, हात इतके धुतले की सालं निघाली. कोंब दरवेळी पप्पांकडून यायचे. केळीच्या बुंध्याशी जे पिल्लू फुटतं, तो मुनवा; पप्पा तो खणून तयार ठेवायचे आणि मी पिशवीत घालून न्यायची.

चौथ्या खेपेला मी स्वतः वाडीत उभी राहिले. पप्पांनी पहारीने मुनवा काढला, कोयत्याने मुळं तासली आणि ताजा काप शेणकाल्यात बुडवला. एकदा नाही, दोनदा.

"मागचे सडले म्हणालीस ना, म्हणून या वेळी जाड लावलं," ते कौतुकाने म्हणाले.

मी किंचाळलेच. "अहो पप्पा, काय केलंत हे!"

खरं सांगते, राग मला माझाच आला होता. शेण लावल्याशिवाय मुनवा वाडीबाहेर द्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत मी जन्मापासून बघत होते. अंगण सारवून झालं की आई म्हणायची, "आता कसं स्वच्छ झालं!" एवढं शिकूनही शेणात जंतू असतात, हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. शहरातल्या बाईंना तर ते सुचणार कुठून?

पप्पा दुखावले. तिसऱ्या दिवशी ओट्यावर नवा मुनवा ठेवलेला होता, उकळलेल्या पाण्याने धुतलेला, आईने चर्चमधल्या मिस्सेसाठी जपलेल्या पांढऱ्या रुमालात गुंडाळलेला. रुमालावरून आई दिवसभर कावत होती.

त्या खेपेच्या बावीस बाटल्यांपैकी एकोणीस स्वच्छ निघाल्या. मी प्रयोगशाळेत चक्क नाचले. बाईंनी मला दटावलं आणि मग स्वतःच पेढे मागवले.

जानेवारीत कंपनीच्या तिघांनी विचारलं, आधीच्या बाटल्या का सडल्या? लपवावंसं वाटलं, पण म्हटलं, जाऊ दे, आणि शेणाचं सगळं सांगून टाकलं. दोघे हसले. तिसरे, वयस्कर, हसले नाहीत.

"आम्हीही शेतकऱ्यांकडूनच मुनवे घेतो," ते म्हणाले. "दोन वर्षं आमच्या बाटल्या सडताहेत. कापाला काय लावता, हे आमच्यातल्या कुणी त्यांना विचारलंच नाही." मग समोरचा कागद बाजूला सारून म्हणाले, "कधी रुजू होता?"

घरी येऊन सांगितलं, तर पप्पा चहा अर्धा टाकून शेजारच्या वाडीत गेले. त्यांचा आवाज मला ओट्यावर ऐकू येत होता. "एवढी मोठी कंपनी, तिला कळत नव्हतं! माझ्यामुळे माझ्या पोरीला कळलं!"