सिक्युरिटीवाल्यांची परिषद

माझ्या वहिनीला परिषद म्हटलं की एकच ठाऊक, ऊस परिषद. मैदानावर शेतकरी गोळा होतात, पुढारी घसा बसेपर्यंत बोलतात, मग कारखानदारांशी ओढाताण होते आणि शेवटी काही ना काही तोडगा निघतो. तो निघेपर्यंत उसाला कोयता लागत नाही. बिद्री साखर कारखान्याकडच्या आमच्या माणसांना यात नवल कसलंच नाही. त्यामुळे जर्मनीत मोठी सुरक्षा परिषद भरतेय, युक्रेनच्या युद्धावर तिथं बोलणं होणार, अशी बातमी टीव्हीवर लागली तशी वहिनी पिशवीत दोन साड्या कोंबून थेट कोल्हापुरात माझ्या दारात हजर झाली.

"वन्सं, सिक्युरिटीवाल्यांची परिषद हाय म्हणं," चपला काढता काढताच म्हणाली. "आपल्या पोराचा इषय निघंलच की. तुमी इंग्रजीच्या बाई, तुमाला कळंल. काय बोलत्यात ते मला सांगा."

मला आधी काही उलगडेना. मग उलगडलं. बातमीदार 'सिक्युरिटी कॉन्फरन्स' म्हणत होता, आणि आमचं पोरगं सिक्युरिटीत होतं.

आमचं पोरगं म्हणजे माझ्या दादाचा एकुलता एक. बारावीपर्यंत माझ्याकडंच राहिलं. आत्ती, आत्ती करत स्वयंपाकघरात घुसायचं आणि तव्यावरची भाकरी पळवायचं. पुढं शिक्षणात मन लागेना, तेव्हा इथल्या एमआयडीसीत एका कंपनीच्या गेटवर उभं राहिलं. निळा शर्ट, गळ्यात शिट्टी. मित्र चिडवायचे, "काय सिक्युरिटी, घावला का चोर?" एकदा गौरी जेवणाच्या दिवशी आम्ही सगळे ताटावर बसलो होतो आणि याचा फोन आला. पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे बदली, आलाच नव्हता. "आई, येऊ का तसाच?" वहिनी कडाडली, "बदली आल्याबिगर गेट सोडायचं न्हाय! खाल्ल्या मिठाला जाग." मग त्याचं ताट झाकून ठेवलं आणि स्वतःही तशीच उपाशी बसून राहिली.

पुढं एक एजंट भेटला. रशियात हेच काम आहे, सिक्युरिटी हेल्पर, गोदामाची राखण, बंदूक-बिंदूक काही नाही, असं गोड बोलून त्यानं पोरगं नेलं. त्या मेल्याचं तोंड आठवलं की अजून माझा हात शिवशिवतो. तिथं गेल्यावर न कळणाऱ्या भाषेतल्या कागदांवर सह्या घेतल्या आणि अंगावर लष्करी कपडे चढवले. तो फोटो आला, तर वहिनी गल्लीभर दाखवत फिरली, "कंपनीनं थंडीचा ड्रेस दिलाय." मी फोटो बघितला आणि लगेच दादाला फोन लावला.

शेवटचा फोन मलाच आला होता. "आत्ती, हितं गेटच न्हाय गं. नुसता खड्डा हाय. आईला सांगू नगंस." त्यानंतर फोन बंद. दादा सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवू लागला. लढाई जवळ आली म्हणून फोन लागत नाही, एवढंच वहिनीला सांगितलं होतं. पण आईच ती. तिची झोप उडाली ती उडालीच.

आता ती माझ्या टीव्हीपुढं मांडी ठोकून बसली. मी सांगून बघितलं, "अगं वहिनी, ही गेटवरच्या माणसांची परिषद नव्हे. देशादेशांची मोठी माणसं आहेत." तर म्हणाली, "असू द्यात की. ऊस परिषदेत तरी समदी नांगर धरनारीच असत्यात व्हय?"

टीव्हीवर कोट घातलेली माणसं एकमेकांचे हात हातात घेऊन हसत होती. वहिनीचं लक्ष त्यांच्याकडं नव्हतंच. दारांपाशी कानात वायर घालून काळ्या सुटातले धिप्पाड गडी उभे होते, ती त्यांच्याकडं बोट दाखवून ओरडली, "ती बघा सिक्युरिटी! त्यास्नी तरी इचारा की कुनीतरी!"

एकजण बराच वेळ तावातावानं बोलला. वहिनीनं विचारलं, "काय म्हनतोय?"

"दारूगोळा कमी पडतोय म्हणतो."

"आनि मानसं?"

"त्यांचं काही बोलला नाही."

असा संताप आला मला! उंटावरून शेळ्या हाकताय, आणि त्यातली एक शेळी आमच्या घरची आहे रे बाबांनो! टीव्ही बंद करायला उठले, तर वहिनीनं मनगट धरलं. "नगं वन्सं. आपला इषय आनि आत्ताच निघायचा."

शेवटच्या दिवशी सभागृह रिकामं होताना दाखवलं. खुर्च्यांवर कागद पडले होते.

"संपली परिषद?"

"संपली."

"तोडगा?"

"नाही निघाला, वहिनी."

"मग उठली कशी ही मानसं?" तिनं इतकं खरोखरीच विचारलं की मला रडू आवरेना. उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून तिथंच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी मेथी निवडत होतो. माझ्या फोनवर परदेशातला नंबर आला. वहिनी म्हणाली, "त्योच! आवाज मोठा करा." मी केला. पण तो नव्हता. त्याच्यासारखंच फसून तिकडं गेलेलं, उत्तरेकडचं कुठलंसं पोरगं होतं. अडखळत, हिंदीत बोलत होतं. आमच्या पोराच्या खिशातल्या चिठ्ठीवर माझा नंबर होता म्हणालं. "आंटी, वो नहीं रहा."

त्यानं तारीख सांगितली. परिषद भरायच्या आधीच आमचं पोरगं गेलं होतं. वहिनी मनगट धरून मला गप्प बसवत होती, तेव्हासुद्धा तो नव्हता.

वहिनीला एवढं हिंदी कळतं. ती रडली नाही. हातातली मेथीची जुडी तशीच धरून मला म्हणाली, "इचारा त्येला. बदलीला कोन आलं?"

मी विचारलं. त्याच्या जागी आता कोण आहे?

पलीकडं खरखर झाली. मग पोरगं बारीक आवाजात म्हणालं, "मैं हूँ, आंटी."

वहिनीनं माझ्या हातातून फोन हिसकावला. त्याला मराठी येत नाही, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. शेताच्या या बांधावरून त्या बांधाला हाक मारावी तशी ती जीव खाऊन ओरडली, "आरं लेकरा, बदलीची वाट बघू नगंस! गेट सोड आनि आईकडं जा!"