बोगनवेल फुलू न देण्याची नोकरी

सुभेदारसाहेब ट्रकमधून उतरले आणि ओरडले नाहीत, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. एरवी त्यांचा आवाज खालापूरच्या बाजारापर्यंत जायचा.

"माळीबुवा," ते म्हणाले, "बोरघाटाच्या वळणावरनं खाली बघितलं. सगळा मुलूख वाळलेला, आन् मधोमध आपला डेपो लग्नघरावानी नटलेला. विमान आलं तर त्याला पत्ता इचारावा लागायचा न्हाई."

लढाईचे दिवस होते. खालापूरजवळ लष्करी सामानाचा डेपो, लांबलचक पत्र्याच्या शेडी. पत्रा उन्हात लकाकतो, म्हणून तो झाकायचा होता आणि जाळ्या मिळत नव्हत्या. मी पुण्याच्या बागेत शिकून आलेला हेड माळी. मीच छाती ठोकून सांगितलं होतं, बोगनवेल लावा, इतक्या लवकर दुसरं काही छप्पर धरणार नाही. पावसाच्या तोंडाला जून फांद्यांचे पेन्सिलीएवढे जाड तुकडे मातीत रोवले. याला फाटे कलम म्हणतात. दुसऱ्या पावसाळ्यात वेल काथ्याच्या दोरांवरून वर चढली आणि पत्रा दिसेनासा झाला. साहेब खूश. मी तर काय, हवेतच होतो.

पाऊस गेला, विहीर खाली गेली. होतं ते पाणी माणसांना आणि खेचरांना. वेलीचं बंद झालं आणि तिथेच घात झाला. बोगनवेलीचं पाणी तोडलं की ती फुलते. आमच्या धंद्यात याला ताण देणं म्हणतात. आपलं आता काही खरं नाही असं झाडाला वाटतं, मग ते वाढायचं सोडून फुलायच्या मागे लागतं. त्यातून आपण ज्याला गुलाबी फूल म्हणतो ते असतं रंगीत पान. खरं फूल आत असतं, पांढरं, इवलंसं. हे सगळं मी सुभेदारांना समजावायला गेलो.

"पान असू दे न्हाईतर फूल," ते म्हणाले, "दिसतंय गुलाबी."

पुढच्या आठवड्यात मोठे साहेब इन्स्पेक्शनला येणार होते. त्याआधी वेल तोडायची, पत्र्याला डांबर फासायचं आणि मला घरी पाठवायचं, असं ठरत होतं. नोकरीची काळजी होतीच. पण शेडीत वाडीवरच्या ठाकर बाया पोती शिवायच्या. काळ्या पत्र्याखाली त्या चैत्रात भाजून निघाल्या असत्या. आणि खरं सांगू? माझ्या हातची वेल कुणी कोयत्याने तोडणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

मी म्हटलं, "मोठे साहेब येईपर्यंत वेळ द्या. एक गुलाबी ठिपका दिसला तर कोयता मीच चालवतो."

मग शिड्या लावल्या. त्याच ठाकर बायांनी विळे घेतले आणि रंगीत शेंडे छाटायला लागल्या. हसत होत्या, निम्मी फुलं डोक्यात माळत होत्या. पाताळगंगेवरून बैलगाडीने पाण्याची पिंपं आणली. खेचरांची मुरलेली लीद पाण्यात कालवून मुळांशी ओतली. लीद आणि भरपूर पाणी मिळालं की वेल नुसती पानांवर जाते. दुसरा माळी असता तर म्हणाला असता, झाडाची वाट लावतोय हा.

मोठे साहेब आले. घाटातून दुर्बीण लावून त्यांनी बराच वेळ खाली बघितलं आणि विचारलं, डेपो आहे कुठे? खालची हिरवळ त्यांना आमराई वाटली होती. सुभेदारांनी मला हे सांगितलं तेव्हा मी वळून दुसरीकडे बघायला लागलो. डोळे भरले होते.

लढाई संपेपर्यंत हेच चाललं. दर उन्हाळ्यात पाणी, लीद, छाटणी. फुलाचा रंग दिसू द्यायचा नाही. बायको मात्र वैतागली. ती इथलीच, खालापूरकडची.

"बाया इचारतात, तुजा माळी फुलं खुडायचा पगार घेतो का गं? काय सांगू त्यांना?"

गुपित होतं. सांगणार काय?

लढाई संपली. डेपो आवरायला काढला. सुभेदार म्हणाले, "माळीबुवा, आता सोडा त्या वेलीला." दिवाळीनंतर मी पाणी तोडलं ते तोडलंच.

शिमग्याच्या सुमाराला सुभेदारांनी आम्हा नवराबायकोला ट्रकमध्ये घातलं आणि घाटाच्या त्या वळणावर नेलं. खाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसता गुलाबी रंग. हिरवं पान दिसत नव्हतं. बायको कठड्याला धरून उभी राहिली.

"एवढी अडवून धरली व्हती तुमी?" ती म्हणाली.

त्या दिवसाइतकी माझी मान पुन्हा कधी ताठ झाली नाही, आणि याची मला लाज नाही. पुढे कैक बंगल्यांच्या बागा केल्या. बोगनवेल फुलत नाही म्हणून लोक तक्रार घेऊन येतात. त्यांना सांगतो, फुलं हवी असतील तर पाणी तोडा, कुणालाही जमेल. नको असतील, तर माझ्याकडे या.