रिव्हर्सला बंद पडणारी रिक्षा

माझी रिक्षा पुढे जाताना कधी कुरकुरली नाही. घाटकोपरला आमच्या डोंगरावरचा चढ पाच पोरी बसवून पहिल्या गिअरमध्ये निमूट चढायची. पण रिव्हर्सचा खटका ओढून क्लच सोडला की फुस्स. स्टार्टर मारला की लगेच चालू, मागे घ्यायला गेलं की पुन्हा बंद. आणि आमचं घर चालायचं त्या पाच पोरींच्या शाळेच्या फेरीवर. शाळेची गल्ली पुढे बंद, वळायला जागा नाही, रोज उलटंच बाहेर यावं लागतं. मागून स्कूलबस हॉर्न मारतेय, आत पोरी ओरडतायत आणि मी स्टार्टर मारत बसलेय. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

स्टँडच्या कोपऱ्यावर गॅरेजवाला आहे. नवऱ्याची कंबर गेल्यावर मी रिक्षाचं लायसन आणि बॅज मिळवून रिक्षा हातात घेतली, तेव्हापासून हा माणूस माझ्याकडे बघून दात काढतो. गाडी त्याच्याकडे नेली तर त्याने इंजिनाचं झाकणसुद्धा उघडलं नाही. सगळ्या स्टँडसमोर म्हणाला, "ताई, गाडीत काय नाय. क्लच सोडायला हात लागतो."

सगळे हसले. मी पण हसले, काय करणार? पण तो तेवढ्यावर थांबला नाही. पोरींच्या आयांनाही त्याने हेच ऐकवलं, वर आपल्या मेव्हण्याची रिक्षा रिकामी आहे असं सुचवून ठेवलं. सगळ्यांत लहान पोरीची आई बाकीच्या चौघींच्या वतीने बोलते. ती मला म्हणाली की शनिवारी पालकसभेला सगळ्या येणार आहोत, तेव्हा काय ते ठरवू. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठरवलं, याची जिरवायचीच.

मग मीच मागे लागले. प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, क्लचची केबल सैल करून बघितली, घट्ट करून बघितली. काही फरक नाही. गॅसवर बंद पडायची तशी पेट्रोलवरही पडायची, म्हणजे इंधनाचा दोष नव्हे. एवढा चढ चढणारं इंजिन सपाटीवर मागे जाताना का मरतं? सोमवारी पोरींना घरी सोडल्यावर नवऱ्याला पुढे बसवलं, मागचं झाकण उघडलं आणि डोकं आत घातलं. त्याने रिव्हर्स टाकला, क्लच सोडला. अख्खं इंजिन एका अंगाला कललं, प्लगकडे जाणारी वायर ताणली गेली, ठिणगी तुटली आणि बंद. बंद पडल्याबरोबर इंजिन आपल्या जागी, वायर सैल, की पुन्हा चालू. पुढे जाताना ते दुसऱ्या अंगाला रेलतं, म्हणून वायरला ताणच बसत नव्हता. एवढंच होतं!

इंजिन ज्या रबरावर बसतं त्याला आम्ही फाउंडेशन म्हणतो. मागच्या कामाला याच गॅरेजवाल्याने ते नवीन टाकलं असं छातीठोक सांगितलं होतं. आत हात घालून चाचपलं, तर निळ्या स्लिपरचा तुकडा. अंगठ्याच्या पट्ट्याच्या भोकासकट. मी तिथेच फरशीवर बसून खदाखदा हसले.

नवरा म्हणाला रबर आणतो, दहा मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, हात लावायचा नाही. शनिवारपर्यंत असंच राहू दे. तो काहीतरी पुटपुटला, मी ऐकलं नाही. त्या आठवड्यात गल्लीत गाडी बंद पडली की उलट मला गार वाटायचं. बंद पड बाई, शनिवारी अशीच पड.

शनिवारी गॅरेजवाल्याला गोड बोलून शाळेशी आणलं. म्हटलं, भाऊ, या सगळ्यांसमोर मला एकदा शिकवून टाका. स्वारी खूश. शर्टाच्या बाह्या वर करून बसला. पाची आया फाटकाशी उभ्या होत्या. खटका ओढला, क्लच सोडला, बंद. दुसऱ्यांदा बंद. तिसऱ्यांदा त्याच्या कानशिलावरून घाम निथळायला लागला. मग मी झाकण उघडलं, त्या लहान पोरीच्या आईला जवळ बोलावलं आणि चौथ्यांदा त्याला रिव्हर्स टाकायला लावला. इंजिन कसं कलतं, वायर कशी ताणली जाते, सगळं बोट लावून दाखवलं. शेवटी तो तुकडा पान्याने उचकटून काढला आणि त्याच्या हातात ठेवला. "घ्या तुमचं नवीन फाउंडेशन."

काय चेहरा झाला होता त्याचा! मान खाली घालून जो गेला, तो स्टँडवर आजही माझ्याकडे वर मान करून बघत नाही. तो चेहरा आठवला की मला अजून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

चौघी माझं कौतुक करत होत्या. एकीने तर टाळी दिली. लहान पोरीची आई मात्र इंजिनाकडेच बघत होती. तिने विचारलं, "ताई, हे तुम्हाला कधी कळलं?"

मी भलत्या तोऱ्यात होते. "सोमवारीच," म्हटलं.

"बुधवारी रिक्षा बंद पडली, तेव्हा मागून बस आली होती. मुलगी घरी येऊन रडली." ती आवाज न चढवता बोलत होती. "तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

मी झाकण लावायला वळले. बाकीच्या चौघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी त्याच दुपारी नवीन रबर टाकलं, रिक्षा लोण्यासारखी मागे जायला लागली. सोमवारपासून पाची पोरी गॅरेजवाल्याच्या मेव्हण्याच्या रिक्षातून शाळेत जायला लागल्या.