चिमूटभर कणीक

माझी मुलगी चार वर्षांची झाली तरी दोनची दिसायची. पोट नगाऱ्यासारखे, हातपाय काड्या. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितले, हिला गहू सोसत नाही. पोळी, रवा, मैदा, शेवया, बिस्किट सगळे बंद, तेही जन्मभर. भात द्या, ज्वारी द्या.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. बी.एस्सी. होऊन भिलाईच्या पोलाद कारखान्यात प्रयोगशाळेत लागलो. शिक्षणाचे उपकार मी आजही मानतो. म्हणून डॉक्टरांचा शब्द न शब्द आमच्या हुडको वसाहतीतल्या मराठी लोकांना समजावून सांगितला. काय उपयोग? विदर्भातून येऊन बाबू-साहेब झालेली ही माणसे. त्यांच्या आजोबांच्या घरी पोळी सणालाच व्हायची. आता पोळी म्हणजे यांची इज्जत, आणि भात म्हणजे इथल्या मजुरांचे खाणे.

"भातानं कुठं ताकद येते, भाऊजी?" शेजारच्या वहिनी म्हणाल्या. "पोरीले छत्तीसगढिया करून राहिले का?"

छत्तीसगढियांची पोरे बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात, खाऊन दिवसभर उन्हात हुंदडत होती. वहिनींची गव्हावर पोसलेली पोरे दर पंधरवड्याला दवाखान्याच्या रांगेत. पण डोळे उघडून बघणे आमच्या लोकांना कमीपणाचे वाटे.

सत्यनारायणाला माझ्या आत्याने पोरीच्या तोंडात शिऱ्याचा घास कोंबला. "प्रसादानं कोणाले काई होत नाही." पोरीला तीन दिवस जुलाब झाले. आत्याने निदान केले, दृष्ट लागली!

चक्कीवर तर कहर. गव्हानंतर ज्वारी दळली की आत उरलेली कणीक तिच्यात उतरते. म्हणून मी म्हणालो, सकाळी सर्वांत आधी आमची ज्वारी दळा. रांगेतल्या बायका उसळल्या.

"मंग तुमचं काळं पीठ आमच्या पोळ्यात कावून यावं?"

यांच्या पोळीचा रंग जरा मळतो म्हणून चिमूटभर ज्वारी चालत नव्हती. माझ्या पोरीच्या आतड्याला मात्र चिमूटभर कणीक चालायला हवी होती. मी चक्कीचा नाद सोडला आणि रुआबांध्याच्या बाजारातून दगडी जाते विकत आणले. साठीची माझी आई रोज पहाटे ज्वारी दळू लागली.

तरी पोरीचे पोट उतरेना. महिना गेला, वजनाचा काटा हलला नाही. एका संध्याकाळी माझा तोल गेला.

"तूच चोरून पोळी देऊन राहिली तिले," मी आईला म्हणालो. "अडाणी ते अडाणीच!"

पोरीच्या जेवणात जे जे पडत होते ते आईने ओट्यावर मांडले. "हे पीठ मी दळलं. हे तांदूळ मी निवडले. डाळ घरी भरडली. हळद-तिखट मी कुटलं." मग फळीवरून हिंगाची डबी काढली. "हे तेवढं तू बाजारातून आणतो. याच्यात कंपनीवाले काय घालतेत, मले मालूम नाही. वाच."

डबीवर बारीक इंग्रजीत छापले होते: डिंक, गव्हाचे पीठ, हिंग.

रोजच्या वरणाला त्याचीच फोडणी. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा. पोलादात गंधक किती, हे टक्क्याच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत मोजून पगार घेणारा. त्या वहिनी, आत्या, चक्कीवरच्या बायका निदान मूर्ख होत्या. मला तीही सबब नव्हती.

हिंग बंद झाले. हळूहळू पोरीचे पोट बसले, गाल भरले. दिवाळीला तिचा फ्रॉक आखूड होऊ लागला, तेव्हा आई खिडकीशी बसून त्याची खालची दुमड उसवत होती. मी माफी मागायला समोर जाऊन उभा राहिलो.

"सरक तिकडं," मान वर न करता ती म्हणाली. "उजेड अडवून राहिला."